स्वतःच्या शेतातलं रानडुक्कर मारायला परवानगी कशाला?

सड्यावरचा: आमची राजापूरकडे भात-नाचणी. लोंब्या भरल्या की डुकरांचा कळप उतरतो. खातात थोडं, लोळून नासतात जास्त. जुन्या साड्यांचं कुंपण झालं, फटाके झाले, रात्रीची राखण झाली. सातबारा माझ्या नावावर, पण त्यात शिरलेलं डुक्कर मात्र सरकारचं! मग सरकारने तरी आवरावं, नाहीतर मला मारू द्यावं. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये बिहारात नीलगाय आणि रानडुक्कर 'उपद्रवी' (म्हणजे परवानगीशिवाय मारता येणारे) ठरवले, २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड. आम्हीच काय घोडं मारलंय?

कलमबहाद्दर: अहो, सरसकट बंदी आहे कुठे? १९७२च्या वन्यजीव कायद्याचं कलम ११ बघा. अनुसूची २ (कायद्यातली प्राण्यांची दुसरी यादी) मधला प्राणी मालमत्तेला धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी शिकारीचा लेखी आदेश देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीक स्पष्ट धरलंय, तेही कुठल्याही जमिनीवरचं. डुक्कर आणि रोही (नीलगाय) याच अनुसूचीत. गवा अनुसूची १ मध्ये. त्याने अख्खं शेत आडवं केलं तरी पिकापायी मारता येत नाही. उपद्रवी ठरवायचं कलम ६२ ठरावीक भागापुरतं आणि मुदतीपुरतं असतं. २०१६ मध्ये बिहारात मोकाम्याला दोनशेवर नीलगायी पडल्या, तेव्हा केंद्रातलेच दोन मंत्री एकमेकांवर घसरले होते.

सड्यावरचा: कागदावर सगळं आहे हो. अर्ज करा, पंचनाम्याची वाट बघा, तोवर शेतात उरतो पेंढा. बरं, आदेश मिळाला तरी बार काढणार कोण? वाडीत एकाकडे शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक लागली की तीही पोलीस ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता नसते.

वऱ्हाडी पाहुणा: चंद्रपूरकडून लिहितो भाऊ. परवानगीची अट काढली तर बंदूक कोण घेत बसणार, लोक सरळ तार सोडतील. आताच सोडतात. मेन लाइनवर आकडा टाकून बांधाला तार, अंधारात कुणाला दिसतही नाही. अशा तारांनी आमच्याकडे वाघ मेले, पाण्याची पाळी द्यायला निघालेली माणसंही मेली. वाघ मेला की किमान तीन वर्षांची कैद, आणि आत जातो तो दोन एकरवाला. झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत हलका करंट सोडणारं यंत्र लावा, त्याचा धक्का बसतो, जीव जात नाही.

सड्यावरचा: झटका मशीनचे पैसे तुम्ही पाठवता का? पावसात तारेला गवत टेकलं की तिचा दम जातो, हेही सांगा.

खरं बोलू का: मेख मटणात आहे, कुणी बोलत नाही एवढंच. कलम ११ खाली मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता. खायचं नाही, विकायचं नाही. म्हणून कायद्याने मारायला उत्साह शून्य आणि चोरून मारायला पैजा. उपद्रवी जाहीर झालेल्या प्राण्याला ही अट नाही. माझं मत, मटण मोकळं करा, डुकरं आपोआप आटोक्यात येतील.

कलमबहाद्दर: आणि दर शनिवारी शहरातून जीपा येतील. डुकराच्या नावाखाली भेकर, ससा, साळिंदर, जे दिसेल ते आडवं. हॉटेलात प्लेट लागली की शेतकऱ्याचं नाव फक्त पुढे करायला. माझा ठाम विरोध.

सड्यावरचा: मग केरळचं बघा. २०२२ मध्ये त्यांनी डुकरं मारायच्या आदेशाचा अधिकार पंचायत अध्यक्षांना दिला. परवानाधारक बंदूकवाल्यांकडून मारायचं आणि पुरून टाकायचं. मटण नको मला, नाचणी हवी आहे. हे तरी चालेल?

कलमबहाद्दर: चालेल. पण आदेशाला मुदत हवी, पुरताना वनरक्षक हजर हवा आणि बंदूकवाला सरपंचाचा मेहुणा नको.

सड्यावरचा: आमच्या गावात बंदूक फक्त त्या मेहुण्याकडेच आहे.