विषय: उसाच्या ट्रॉलीवर मागून कार आदळली, गुन्हा कारचालकावर. शेजारी बसलेल्याचा क्लेम होतो का?

डॅलसहून

नमस्कार मंडळी,

केज–अंबाजोगाई रस्त्यावर तीन आठवड्यांपूर्वी रात्री उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून कार आदळली. गाडी मालक स्वतः चालवत होता, तो जखमी आहे. त्याच्या शेजारी बसलेले माझे मामेभाऊ जागीच गेले. वय ३८, शेती आणि दूधधंदा. घरी वहिनी, दोन लेकरं आणि मामी, राहायला लातूर जिल्ह्यात. गुन्हा कारचालकावर नोंदवलाय, म्हणून गावात सगळे म्हणतात की आता काही मिळत नाही. विमा कंपनीचा माणूस मात्र पाच लाखांच्या कागदावर सही मागतोय. कुणी नीट सांगेल का?

लातूरहून

दादा, आधी फोन करा आणि वहिनींना सही करू देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे न बघता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. पण ते पैसे एकदा स्वीकारले की कलम १६६ चा, म्हणजे चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायचा, मोठा दावा संपतो. ही गोष्ट घरच्यांना कुणी सांगत नाही, आणि दुखवट्याच्या घरात कुणी विचारतही नाही.

गावातल्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. मामेभाऊ गाडी चालवत नव्हते, त्यामुळं कारचालकाची चूक त्यांच्या माथी येत नाही. ट्रॉलीवाला आणि कारवाला दोघंही चुकले असतील तर त्रयस्थाला पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून मागता येते. सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये हे स्पष्ट केलंय. क्लेमच्या कोर्टात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावाही लागत नाही.

म्हणून दाव्यात पाच जण सामनेवाले करायचे: ट्रॅक्टरचा चालक, त्याचा मालक, ट्रॅक्टरची विमा कंपनी, कारमालक आणि कारची विमा कंपनी. यातलं एक नाव सुटलं तर उरलेले सगळे त्या न आलेल्यावर बोट दाखवतात.

कारची पॉलिसी हातात घेऊन बघा. पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसी असेल तर आत बसलेल्यांची जोखीम त्यात येते. नुसती थर्ड पार्टी असेल तर कारची कंपनी अंग काढून घेते, आणि मग खरा भार ट्रॅक्टरच्या पॉलिसीवर येतो. ट्रॅक्टरची कंपनी दोन मुद्दे हमखास काढते: पॉलिसी शेतीकामाची, वाहतूक भाड्याची, आणि ट्रॉलीचा वेगळा विमा नाही. त्यामुळं दोन्ही पॉलिसींच्या पूर्ण प्रती मागवा, नुसतं पहिलं पान घेऊ नका. चालकाचा परवाना नव्हता अशा प्रकरणांत बऱ्याचदा कंपनीला आधी पैसे भरायला लावून नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतात.

सगळ्यात जास्त केस बिघडते ती घटनास्थळाच्या पंचनाम्यात. ट्रॉलीला मागं लाल दिवा होता का, रिफ्लेक्टर होता का, ट्रॉली डांबरावर किती फूट आत उभी होती, मागं दगड किंवा झाडाची फांदी ठेवली होती का, ऊस बाजूनं किती बाहेर आला होता: यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तीन आठवडे झालेत, तरी ज्यांनी गाडी बाहेर काढली त्यांच्याकडे मोबाईलमधले फोटो असतील. ते मूळ फोनमध्येच जपून ठेवायला सांगा. तपासी अंमलदाराला लेखी अर्ज देऊन पुरवणी जबाब नोंदवायला लावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ट्रॉलीला नंबरप्लेट नसणं नेहमीचंच. अशा वेळी कारखान्याच्या काट्यावरची नोंद आणि ऊस वाहतुकीचा करार यावरून ट्रॅक्टर कुठला ते सापडतं.

न्यू जर्सीहून

काकांच्या उत्तरात मुदत राहिली, ती जोडते. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला, म्हणजे क्लेमच्या कोर्टाला, पाठवायचा असतो. तो अहवाल दावा म्हणून घेता येतो, पण त्याच्या भरवशावर स्वतःचा अर्ज थांबवू नका. अर्ज अपघात झाला तिथंच करावा असं नाही. वहिनी लातूर जिल्ह्यात राहतात, तर लातूरलाच करता येतो. लेकरं घेऊन दर तारखेला अंबाजोगाई गाठायची गरज नाही.

आता हिशोब. समजा महिन्याचं उत्पन्न २०,००० रुपये सिद्ध झालं. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २८,०००. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. याला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं, गुणायचं; वय ३६ ते ४० असेल तर गुणक १५. झाले ३७,८०,०००. शिवाय अंत्यविधी आणि मालमत्तेचं नुकसान (लॉस ऑफ इस्टेट, गाडी-सामानाची मोडतोड नव्हे) यांचे प्रत्येकी १५,०००, आणि सहवास गमावल्याचे पत्नी, मुलं, आई अशा प्रत्येकाला ४०,०००. हे २०१७ चे मूळ आकडे, त्यात दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. वर अर्जाच्या तारखेपासून व्याज. याच्या शेजारी ते पाच लाख ठेवून बघा.

लातूरहून

ताईंचा हिशोब बरोबर आहे, पण तो सगळा त्या २०,००० वर उभा आहे. शेतकऱ्याच्या केसमध्ये कंपनी म्हणते, जमीन तर घरीच आहे, मग नुकसान कसलं? त्याला उत्तर सातबारानं मिळत नाही. माणूस स्वतः राबत होता, आता सालगडी ठेवावा लागतो, जमीन बटईनं द्यावी लागते, हे दाखवायचं. सातबारा आणि आठ-अ सोबत कारखान्याची ऊसबिलं, दूध डेअरीच्या पावत्या आणि किमान तीन वर्षांचं बँक पासबुक लावा. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला लावा. ३८ ऐवजी ४१ धरलं गेलं तर गुणक १४ होतो आणि वाढीचे ४० टक्के २५ वर येतात.

वकिलानं रकमेत टक्का मागितला तर देऊ नका, बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला मनाई आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर लक्षात ठेवा, त्या निवाड्यावर अपील नसतं.

डॅलसहून

काका, ताई, फार उपकार झाले. सहीचं आत्ताच फोनवर सांगितलं. मी इथून काही करू शकतो का?

न्यू जर्सीहून

तुम्ही वारस नाही, त्यामुळं मुखत्यारपत्राची गरज नाही. कागद जमवायला मदत करा, तेवढं पुरे. ज्यांच्या घरी एखादा वारसच परदेशात आहे त्यांनी मुखत्यारपत्र अपोस्टिल करून (तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र लावून) किंवा वकिलातीत साक्षांकित करून पाठवावं, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. तो राहिला की नेमका उलटतपासणीच्या दिवशी कागद अडतो. दादा, उद्या मामींच्या शेजाऱ्यांकडून पाच गोष्टी मागवा: एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, दोन्ही गाड्यांची आरसी आणि आरटीओ निरीक्षकाचा तपासणी अहवाल. मिळतील तसे इथं टाका, आम्ही वाचून सांगतो.