मदत हवी आहे : बँडसॉच्या चाकाचा टायर फाटलाय, नवा चढतच नाही

भुसकट

नमस्कार मंडळी. अडकलोय, म्हणून हा धागा.

माझ्याकडे १४ इंची बँडसॉ आहे (वर-खाली दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणारं पातं असलेली लाकूड कापायची मशीन), सेकंडहँड घेतलेला. गेले काही महिने कापताना थप... थप... थप असा आवाज यायचा. लाकडात गाठ असेल, पातं बोथट झालं असेल, असं म्हणत मी कानाडोळा केला. मग पातं चाकावर पुढे सरकायला लागलं. ट्रॅकिंगचा स्क्रू (वरचं चाक कलवून पातं जागेवर आणणारा) पिळला की पाच मिनिटं गुण्यागोविंदाने चालायचं, की परत पुढे. परवा एक जाड फळी उभी चिरताना ते सटकलंच आणि आतून दारावर खणकन आपटलं. दार बंद होतं म्हणून निभावलं.

उघडून बघतो तर वरच्या चाकाचा रबरी टायर एका जागी आडवा तडकलाय आणि तिथूनच नखाएवढा तुकडा उडालाय. बाकीचा टायर दगडासारखा कडक. खाली साठलेल्या भुशात काळी पूडही दिसली. ती बहुधा टायरचीच.

युरेथेनचे (रबरासारखं चिवट प्लास्टिक) नवे टायर मागवले. पाकिटावर १४ इंच लिहिलंय, पण चाकावर एका बाजूने बसवला की दुसऱ्या बाजूला चांगली तीन बोटं कमी पडतो. दोघांनी ओढूनही येत नाही. प्रश्न असे : माप चुकीचं आलंय का? चढला तरी चिकटवायचा कशाने? आणि खालचा टायर अजून धड दिसतोय, तोही बदलू का?

रंधामारू

माप बरोबर आहे, परत पाठवू नका. युरेथेनचा टायर मुद्दामच साधारण दहा टक्के लहान असतो, ताणून बसतो म्हणून तर चाकाला धरून राहतो. गरम पाण्यात टाका आणि मग बघा गंमत.

खालच्या टायरवर नख रुतवून पाहा. खूण उमटून परत भरून आली तर रबर जिवंत आहे. नख नुसतं घसरलं तर तोही गेलेला समजा.

सुतारपक्षी

भुसकट, घाई करू नका. जुना टायर काढलाय का अजून? नसेल तर आधी तो काढा आणि नवा चढवण्यापूर्वी उघड्या चाकावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघा. पट्टी मधे टेकून दोन्ही कडांना उजेड दिसला तर चाकालाच फुगवटा आहे. मग सपाट टायर ताणून बसवला की तो आपसूक तोच आकार घेतो. पट्टी सपाट बसली तर चाक सपाट आहे, आणि फुगवटा एकतर टायरमध्येच हवा किंवा घासून काढावा लागतो. पातं नेहमी चाकाच्या सर्वांत उंच भागाकडे चढतं. जुन्या पट्ट्याच्या गिरण्यांची पुली मधे फुगीर असायची ती याचसाठी. तुमचं पातं पळत होतं ते बहुतेक टायरवरचा हा उंचवटा झिजल्यामुळे. नुसता ट्रॅकिंगचा स्क्रू पिळून झिजलेला टायर सरळ होत नाही.

आता काढण्याबद्दल. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पातं उतरवा. चाक मशीनवरच ठेवूनही काम होतं, पण मी तरी उतरवून टेबलावर घेते. उतरवताना दोन गोष्टी सांभाळा. एक, काही मशीनवर नट उलट्या आट्यांचा असतो, तेव्हा पाना लावून लोंबकळण्याआधी आटे कुठल्या बाजूचे आहेत ते बघा. दुसरी, चाकामागे पातळ वॉशर असतील तर ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत. दोन्ही चाकं एका पातळीत येतात ती त्या वॉशरमुळे. एक जरी हरवला तरी महिनाभर पात्याला शिव्या घालत बसाल.

जुना टायर आडवा कापून सोलून काढा. खाली सरसाचा थर असेल तो खरवडायला प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी घ्या, उरलेला थिनरच्या फडक्याने. चाक अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर छिन्नी लावूच नका. एक ओरखडा म्हणजे टायरखाली कायमचा खड्डा. गंज असेल तर घासून काढा. सरसाची एखादी गुठळी राहिली तरी ती नव्या टायरमधून वर येते आणि तुमचं थप-थप पुन्हा सुरू. कडेला छोटी भोकं पाडलेली दिसली तर ती चाकाचा तोल साधण्यासाठी असतात, भरायला जाऊ नका.

मग टायर गरम पाण्यात, हात घालवणार नाही इतक्या गरम, दहाएक मिनिटं. एक जागा चाकावर बसवून तिथे दोन क्लॅम्प थोड्या अंतरावर लावा, नाहीतर तुम्ही इकडून ओढणार आणि तो तिकडून निसटणार. तिथून दोन्ही बाजूंनी सारखा सारखा चढवत चला. शेवटचा वीतभर भाग हटवादी असतो, तिथे गुळगुळीत दांड्याने उचलून सरकवा. टोकदार स्क्रूड्रायव्हर नको, टायर चिरतो.

आणि बहुतेक जण जी पायरी गाळतात ती ही : टायर चढल्यावर त्याच्या नि चाकाच्या मधे गोल सळई घाला आणि चाकाभोवती दोन-तीन फेऱ्या फिरवा. ताण सगळीकडे सारखा होतो. नाही केलं तर एका बाजूला टायर पातळ, दुसऱ्या बाजूला जाड.

कर्वत

सरसाचं राहिलंच की. माझं मत : चिकटवा. माझा रबरी टायर नुसता ताणून बसवला होता, उन्हाळ्यात जोर लावला की चाकावर गोल फिरायचा.

सुतारपक्षी

कर्वत, रबराचं वेगळं, युरेथेनचं वेगळं. रबर सैल पडतं, त्याला कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह लावणं मलाही पटतं, पण आधी कोरडा बसवून, ताण सारखा करून, मग थोडं थोडं उचलून खालून लावायचं. युरेथेन घट्ट असतो आणि नेहमीचे सरस त्याला नीट धरतही नाहीत. उगाच गुठळ्या होतात. भुसकट, तुम्ही लावू नका.

खालचाही बदला. एक नवा नि एक झिजका ठेवलात तर ट्रॅकिंगशी भांडत बसाल.

भुसकट

मनापासून आभार! रविवार सगळा यातच गेला.

पट्टी ठेवली, कडांना उजेड दिसला. चाकालाच फुगवटा आहे, जीव भांड्यात पडला. जुना टायर सोलायला दहा मिनिटं आणि सरस काढायला दीड तास. इतका चिवट की फडकं काळं, बोटं काळी, शेवटी नाकही काळं.

पहिल्या प्रयत्नात एकच क्लॅम्प लावला (दोन लिहिलेत ते वाचलं होतं, तरी). तीन चतुर्थांश चढला आणि सटकन सुटून बोटांच्या सांध्यावर बसला. दुसऱ्यांदा ऐकलं. पाणी परत गरम केलं, दोन क्लॅम्प, लाटण्याचं टोक. पाच मिनिटांत चढला. सळई फिरवताना सुरुवातीला एका जागी अडायची, तिसऱ्या फेरीत लोण्यासारखी गेली. खालचाही बदलला.

एक शंका. तेच पातं घातलं तर वरचं चाक आधीपेक्षा खाली आहे, आणि ताणाच्या स्केलवरचा आकडाही जुळत नाही. काही चुकलं का?

आणि थप-थप अजून आहे. कमी झालंय, पण आहे.

सुतारपक्षी

चुकलं नाही. टायर जाड झाला म्हणजे चाक मोठं झालं. दोन्ही टायर जुन्यापेक्षा १ मिमी जाड धरले तर पात्याची वाट सव्वासहा मिमीने वाढते, म्हणून वरचं चाक तीनएक मिमी खाली येतं. स्केल विसरा, ताण पात्याला बोटाने दाबून ठरवा. चाक हाताने फिरवत ट्रॅकिंग लावा, आणि सगळ्यात शेवटी गाईड (पात्याला बाजूंनी आणि मागून आधार देणारे भाग) जवळ आणा. बाजूचे कागदाच्या जाडीएवढे लांब, मागचं बेअरिंग मोकळं फिरताना पात्याला टेकता कामा नये.

थप-थपसाठी खडू घ्या. चाकावर एक खूण, पात्याच्या सांध्यावर (टोकं वेल्ड केलेली जागा) एक. १४ इंची चाकाचा घेर १११७ मिमी, तुमचं पातं नेहमीच्या मापाचं असेल तर २३७५ मिमी. म्हणजे पात्याची एक फेरी होईतो चाकाचे दोनहून थोडे जास्त फेरे होतात. हाताने हळू फिरवा. धक्का दर फेऱ्याला आला तर चाक किंवा टायर. दोनेक फेऱ्यांतून एकदा आला तर पात्याचा सांधा.

भुसकट

सांधा!! खडूची खूण गाईडमध्ये शिरते नेमकी तेव्हाच धक्का. बोट फिरवलं तर वेल्डिंगचा उंचवटा स्पष्ट लागतो. म्हणजे इतके दिवस दोन आजार एकत्र होते आणि मी फक्त लाकडाला दोष देत होतो. कानस लावून उंचवटा पात्याच्या जाडीइतका खाली आणला, आता आवाज जवळजवळ गेला.

रंधामारू

भारी. आता काम झालं की पात्याचा ताण सैल करून ठेवत जा, नाहीतर पातं टेकतं तिथे नवा टायर दबून बसेल. आणि चाकावर भुसा थापतो, तिथे खालच्या चाकाला घासेल असा एक ब्रश बसवून टाका.

भुसकट

ब्रश आजच बसवला, जुन्या भांडी घासायच्या ब्रशाचा अर्धा. ताण सैल केलाय याची आठवण म्हणून स्विचवर चिठ्ठी लावलीय. काल ती न वाचताच मशीन सुरू करणार होतो.