एबी केबल ओढायला पोलवर कोणत्या पुल्या घ्याव्यात? सल्ला हवा आहे

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

मी दापोली तालुक्यात विजेची कामं घेतो. परवाना आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. एका बागायतदारांच्या आवारात एलटी (कमी दाबाच्या विजेची) एबी केबलची, म्हणजे इन्सुलेशन असलेल्या वायरी एकत्र पिळून केलेल्या केबलची, लाईन टाकायची आहे. त्यांच्या स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरपासून पंपघर आणि राहायच्या खोल्यांपर्यंत ११ पोल, दोन पोलमधला गाळा साधारण ४० मीटर, म्हणजे सगळी मिळून ४०० मीटर केबल. ७० चौरस मिमीच्या तीन फेज, ५० ची मेसेंजर (सगळ्या जुडीचं वजन पेलणारी तार) आणि १६ ची स्ट्रीटलाईटची वायर. सातव्या पोलवर लाईन वळते, वळण अंदाजे ६० अंशांचं, आणि तिथूनच पुढे रस्ता ओलांडायचा आहे. बाग माडांची आहे. उघड्या तारा तिथे टिकत नाहीत, एक झावळी पडली की दोन तारा एकमेकींना लागतात. म्हणून एबी.

प्रश्न पुल्यांचा आहे. गेल्या वर्षी अशाच कामासाठी स्वस्तातल्या दहा मागवल्या होत्या. लोखंडी गाल (चाकाच्या दोन्ही अंगाच्या पट्ट्या), प्लास्टिकचं चाक, आत बेअरिंग नाही, नुसती पिन. चौथ्या पोलवर केबल खाचेतून उडाली आणि १६ ची वायर चाक आणि गाल यांच्या मधल्या फटीत शिरली. खाली ओढणाऱ्यांना कळलंच नाही, त्यांनी जोर वाढवला. वरून ओरडेपर्यंत दीड मीटर इन्सुलेशन सोललं गेलं होतं, आतलं ॲल्युमिनियम उघडं. तेवढा भाग कापून स्लीव्हने जोडावा लागला. नव्या केबलला पहिल्याच दिवशी जोड देताना मालकांपुढे उभं राहायची लाज वाटली. पुन्हा तसं व्हायला नको आहे.

आमच्या पोरांचं म्हणणं आहे की एक पोल सोडून एक पुली लावली तरी चालतं. चालतं का? चाक नायलॉनचं घ्यावं की ॲल्युमिनियमचं? आणि वळणाच्या पोलवर काय लावावं? ज्यांनी हातांनी काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

जुना_लाईनमन

भाऊ, मी वाईचा. आयुष्य लाईनवर गेलं, आता निवृत्त आहे.

एक पोल सोडून पुली अजिबात लावू नको. सोडलेल्या पोलवर केबल कशावर जाणार? लोखंडी क्रॉसआर्मवर नाहीतर क्लॅम्पच्या बोल्टवर. तिथे ती घासणार, आणि चरा पडला तर तो खालच्या बाजूला, जमिनीवरून दिसायचा पण नाही. उघड्या तारेला एवढं काही होत नव्हतं, एबीची गोष्ट वेगळी. तिचं सगळं मोल वरच्या काळ्या सालीत आहे. दर पोलला पुली, शेवटच्या पोलला पण.

पुली विकत घेताना तीन गोष्टी हातात धरून बघ. चाकाला टिचकी मार, चार-पाच फेरे आपसूक फिरलं पाहिजे. मग चाक दोन्ही अंगाला हलवून बघ. गाल आणि चाक यांच्यात १६ ची वायर शिरेल एवढी फट पडत असेल तर दुकानात परत ठेव. तुझं गेल्या वर्षीचं नुकसान तिथेच झालंय. तिसरं, गाल एका बाजूने उघडला पाहिजे आणि उघडल्यावर पिन साखळीला लटकलेली राहिली पाहिजे. न उघडणाऱ्या पुलीतून केबलचं टोक ओवावं लागतं आणि शेवटी काढताना वरचा माणूस अडकतो. सुटी पिन वरून पडली तर खालच्याच्या डोक्यात.

पुली टांगताना खाचेची पातळी आणि सस्पेन्शन क्लॅम्पची (केबल शेवटी पोलवर ज्यात टांगून राहते त्याची) पातळी जवळजवळ एक ठेव. मग केबल पुलीतून क्लॅम्पमध्ये घ्यायला एक माणूस पुरतो. पुली फूटभर खाली टांगलीस तर प्रत्येक पोलवर ती केबल उचलावी लागेल.

नाशिकचा_इंजिनिअर

काकांच्या सांगण्याला मी थोडं गणित जोडतो, कारण इथे आकडे बघितले की पुलीचं महत्त्व लगेच कळतं.

तुमची केबल मीटरला साधारण एक किलो धरा. ओढताना ४० मीटरच्या गाळ्यात दीड मीटर झोळ ठेवलात (म्हणजे मधोमध केबल तेवढी खाली लोंबली) तर ताण येतो वजन गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले आठ पट झोळ, म्हणजे १६०० भागिले १२, सुमारे १३३ किलो. चांगल्या बेअरिंगच्या चाकावर दर पोलला दोन टक्के ओढ वाढते असं धरू. मधले नऊ पोल ओलांडून शेवटी १६० किलो होते. सहा माणसांना हे सहज जमतं.

आता समजा चाकं फिरतच नाहीत, केबल त्यांच्यावर नुसती घासत जाते. घर्षणांक ०.३ धरला तर झोळामुळे सरळ पोलवरसुद्धा केबल जेवढी वाकते तेवढ्याने दर पोलला नऊ टक्के वाढ, आणि ६० अंशांच्या वळणावर एकदम ३७ टक्के. सगळं मिळून शेवटची ओढ ३७० किलोंच्या पुढे जाते. केबल तीच आणि पोलही तेच, तरी जोर दुपटीहून जास्त. हा सगळा जास्तीचा जोर इन्सुलेशन खरवडण्यात जातो.

वळणाच्या पोलच्या हुकवर येणारा भार वेगळा मोजा. ६० अंशांच्या वळणावर तो केबलच्या ताणाइतकाच असतो. ९० अंशांचं वळण असतं तर ताणाच्या १.४१ पट. शेवटी झोळ ८० सेंटिमीटरवर आणाल तेव्हा ताण २५० किलो होईल. म्हणून त्या पोलवरची पुली, तिचा हुक आणि बांधायचा स्लिंग, तिन्ही एक टन क्षमतेचे घ्या. आणि त्या पोलचा स्टे (पोल झुकू नये म्हणून जमिनीला बांधलेला ताण) केबल ओढायच्या आधी बसलेला हवा. नंतर लावू म्हणून चालणार नाही.

एक विचारायचं राहिलं. पोल किती मीटरचे आहेत?

खाडीकाठ

सर, सगळे ८ मीटरचे. दीड मीटर जमिनीत.

नाशिकचा_इंजिनिअर

मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन पोल बदला. वर साडेसहा मीटर राहतात, क्लॅम्प टोकापासून २० सेंटिमीटर खाली, ८० सेंटिमीटर झोळ. मधोमध उरतात ५.५ मीटर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत एलटी लाईन रस्त्याच्या कडेने जात असेल तर ५.५ मीटर आणि रस्ता ओलांडत असेल तर ५.८ मीटर उंची लागते. ओलांडायच्या गाळ्याला ९ मीटरचे पोल घेतलेत की प्रश्न मिटतो. झोळ कमी करून उंची मिळवायचा मोह होतो, तो टाळा. ५० सेंटिमीटरवर आणलात तर ताण ४०० किलो होतो आणि दुपारी दोनला बांधलेली केबल पहाटेच्या गारव्यात आणखी आवळते.

मस्कतवासी

मी मूळचा चिपळूणचा, ओमानमध्ये ट्रान्समिशन लाईनच्या स्ट्रिंगिंगवर आहे. आमच्याकडे मोठ्या तारांसाठी ॲल्युमिनियमची चाकं आणि खाचेला निओप्रिनचं अस्तर असतं. तुमच्या वजनाला त्याची गरज नाही. नायलॉनचं चाक घ्या, हलकं असतं आणि इन्सुलेशनला मऊ. पण दरवेळी वापरायच्या आधी खाचेतून बोट फिरवा. नायलॉनमध्ये खडा रुतून बसतो आणि तो एकटा खडा ४०० मीटर केबलवर सरळ रेघ ओढतो. कोकणातल्या चिऱ्याच्या भुग्यात हे हमखास होणार.

खाचेची रुंदी केबलच्या जाडीवर ठरवू नका. पुढे केबलवर चढवलेला जाळीचा मोजा असतो, त्याच्या पुढे पीळ सोडणारा स्विव्हल. सगळ्यात जाड वस्तू त्यातली जी असेल ती खाचेतून आरामात गेली पाहिजे. मोज्याचं मागचं टोक टेपने नीट गुंडाळा, नाहीतर प्रत्येक पुलीत तो अडकतो. आणि स्विव्हल विसरू नका. दोराचा पीळ केबलमध्ये उतरला की मेसेंजर आणि फेज एकमेकांत असे गुंततात की क्लॅम्प बसवताना कोणती वायर कोणती ते कळत नाही.

फायबरताई_कोल्हापूर

माझं काम पोलवरून फायबर टाकण्याचं आहे. पुल्या तशाच असतात, पण माझ्या अनुभवातली एक गोष्ट दादांच्या वळणाच्या पोलला लागू पडेल.

आमच्याकडे ताणाखाली केबल वाकवायची तर वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या किमान वीस पट ठेवतात. १२ मिमीच्या केबलला २४ सेंटिमीटर. एवढं मोठं चाक पोलवर चढवणं अवघड, म्हणून आम्ही वळणावर एकच मोठी पुली न लावता कमानीत बसवलेले तीन छोटे रोलर वापरतो. एका चौकटीत तिन्ही, चौकट पोलला पट्ट्याने आवळायची. वळण तीन ठिकाणी वाटून जातं आणि कुठेच केबल चेपत नाही. फायबरला नियम कडक आहे कारण वाकलेल्या जागी प्रकाश गळतो, १५५० नॅनोमीटरवर तर लगेच दिसतो. एबीला तसं नाही, पण एकाच लहान चाकावर २५० किलोंनी दाबलेली चार-पाच वायरींची जुडी तिथल्या तिथे सुटी होते. तुमचा खरा खर्च सातव्या पोलवर करा. बाकीच्या आठ मधल्या पोलांना साध्या पुल्या पुरतील.

रोलर सरळ पोलवर उभ्या पातळीत फिरतात, वळणावर मात्र चौकट वळणाच्या आतल्या बाजूला तिरकी बांधावी लागते. आधी रिकामा दोर ओढून बघा. दोर मधोमध बसला तर केबलही बसते.

खाडीकाठ

ताई, हे फार कामाचं सांगितलंत. तीन रोलरची चौकट आमच्याकडे कुणी ठेवत नाही, पण लोटे औद्योगिक वसाहतीत एक फॅब्रिकेटर ओळखीचे आहेत, त्यांच्याकडून करून घेतो.

काका, अजून एक विचारायचं होतं. गेल्या वेळी शेवटच्या दोन गाळ्यांत माणसांनी ओढेना म्हणून ट्रॅक्टर लावला होता. या वेळी पण हाताशी ठेवू का?

जुना_लाईनमन

ट्रॅक्टर ठेवूच नको. इंजिनिअर साहेबांनी वर हिशेब दिलाय तो परत वाच. चाकं फिरत असतील तर सहा माणसं पुरतात. सहा माणसांनी ओढेना म्हणजे वर कुठेतरी काहीतरी अडलंय. अशा वेळी सगळ्यांनी हात सोडायचे, ड्रमला ब्रेक लावायचा आणि पोलवर चढून बघायचं. ट्रॅक्टरवर बसलेल्याला अडलेलं कळत नाही, तो क्लच सोडतो आणि पुढे जातो. माणसाच्या तळहाताला कळतं. दोर जड झाला की लगेच कळतं. दर पोलखाली एक माणूस नसेल तर निदान वळणाला एक आणि ड्रमला एक पाहिजेच, आणि थांब म्हणायची खूण आधी ठरवा.

आता जे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते. रस्त्यावरून तुमची लाईन जाते म्हणालास, तिथे जुनी लाईन आहे का?

खाडीकाठ

आहे काका. उघड्या तारांची जुनी एलटी, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने. आमची केबल तिच्यावरून जाणार.

जुना_लाईनमन

मग परमिट, म्हणजे लाईन बंद केल्याचा लेखी परवाना, घेतल्याशिवाय दोरसुद्धा वर टाकू नको. परमिट हातात आलं तरी टेस्टरवर विश्वास न ठेवता डिस्चार्ज रॉड (तारेतली वीज जमिनीत उतरवणारा दांडा) लाव, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तारा एकमेकींना जोडून अर्थ कर. एका बाजूला केलं म्हणजे झालं असं नाही. हल्ली घराघरांत इन्व्हर्टर आहे, छपरांवर सोलर आहे, बागांत जनरेटर आहेत. लाईन बंद झाली की कुणीतरी जनरेटर चालू करतो आणि चेंजओव्हर (लाईन आणि जनरेटर यांतलं एकच जोडणारा स्विच) नीट नसेल तर वीज उलटी लाईनवर येते. माझ्या बरोबरचा एक जण असाच गेला. बंद लाईनवर. त्याच्या हातातला दोर ओला होता. तेव्हापासून मी कुणालाही हे सांगितल्याशिवाय सोडत नाही.

दोर कोरडा ठेव, जमिनीवर लोळवू नको, रात्री दवात टाकून ठेवू नको. आणि क्लॅम्पमध्ये केबल घेताना मेसेंजर वेगळी काढायला लाकडी पाचर वापर. चार पाचरी घरीच करून घे, कडा घासून गोल करून. पोरं स्क्रूड्रायव्हर घालतात, आणि सालीला भोक पडतं ते पावसाळ्यात कळतं.

खाडीकाठ

मंडळी, काम झालं, म्हणून परत लिहितोय.

रस्त्याचे दोन पोल ९ मीटरचे केले. दहा नायलॉनच्या पुल्या घेतल्या, बेअरिंगवाल्या, उघडणाऱ्या गालाच्या. दुकानात बसून प्रत्येकीला टिचकी मारली, दोन परत ठेवल्या. वळणाची चौकट लोट्यात करून घेतली, तीन रोलर, पोलला दोन पट्टे. आधी रिकामा दोर ओढला तर तो वरच्या रोलरच्या कडेवर चढत होता. चौकट आणखी आत तिरकी केली, दुसऱ्यांदा बरोबर मधोमध बसला. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर केबलच चढली असती.

परमिट सकाळी नऊला मिळालं, दोन्ही बाजूंना अर्थ केलं. साडेदहाला ओढायला सुरुवात केली. पाचव्या पोलच्या पुढे दोर एकदम जड झाला. मागच्या वर्षी मी "ओढा" म्हणालो असतो. हात सोडायला सांगितले, पोरगा वर चढला. मोज्याच्या मागच्या टोकाची टेप सुटून एक तार पुलीच्या गालाला अडकली होती. नवी टेप गुंडाळली आणि दहा मिनिटांत पुढे निघालो. बारा वाजता शेवटच्या पोलला केबल पोचली होती. सहा माणसांनी, ट्रॅक्टरशिवाय.

झोळ दुपारी न धरता साडेपाचला, ऊन उतरल्यावर धरला. क्लॅम्पमध्ये घेताना प्रत्येक पोलवर केबलच्या खालच्या बाजूने हात फिरवून बघायला सांगितलं होतं. कुठेही चरा नाही. दुसऱ्या दिवशी १००० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) सगळ्या वायरी आपसात आणि जमिनीशी तपासल्या, एकही कमी आली नाही.

फायबरताई_कोल्हापूर

दादा, चौकटीतल्या रोलरची लांबी आणि दोन रोलरमधलं अंतर मोजून टाकाल का? आमच्याकडच्या चौकटी अरुंद आहेत, मोजा अडकतो.

खाडीकाठ

ताई, रोलर ११ सेंटिमीटर लांब, दोन रोलरच्या मध्यांमधलं अंतर १४. कडेला दोन्हीकडे तीन सेंटिमीटर उंच पट्टी वेल्ड केली आहे, केबल बाहेर पडू नये म्हणून. पट्टीच्या कडा ग्राइंडरने गोल करायला सांगा, आमच्या पहिल्या चौकटीच्या धारदार राहिल्या होत्या, पोराचं बोट कापलं तेव्हा लक्षात आलं.