हिमगौरी भोळी नव्हती

हिमगौरी भोळी म्हणून तीनदा फसली असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. ग्रिम बंधूंच्या कथेत राणी दर वेळी डाव बदलते. आधी फेरीवाली म्हातारी होऊन रेशमी नाडी विकते आणि ती बांधून देताना श्वास कोंडेल इतकी आवळते. मग विषारी कंगवा. तिसऱ्या वेळी मुलगी कुणाला आत घेत नाही, सफरचंदही नाकारते. तेव्हा राणी ते कापते, पांढरी बाजू स्वतः खाते आणि लाल पुढे करते. विष फक्त लाल भागात! देणाराच तेच फळ खातोय म्हटल्यावर संशय कुठून येणार? बुटकेही इथेच हरतात. ते नाड्या सोडतात, केस विंचरतात, पाण्याने आणि वाइनने धुतात, म्हणजे जुन्याच घातांच्या खुणा शोधतात. तुकडा असतो घशात.

राणीही फसतेच. शिकारी हिमगौरीऐवजी रानडुकराच्या पिल्लाचं फुप्फुस आणि यकृत आणून देतो, ती ते मिठात शिजवून खाते. हे बिंग फोडतो आरसा. तो कधीच खोटं बोलत नाही, आणि प्रत्येक नवा घात त्याच्या खऱ्या उत्तरातूनच सुरू होतो. मला तरी कथेतला सर्वांत भयंकर धागा हाच वाटतो.

विश्वासघाताबद्दल बोलायचं तर १८१२ ची पहिली आवृत्ती जरूर वाचा. तिथे राणी सख्खी आई आहे. सावत्र आई आली ती १८१९ च्या आवृत्तीत.