विमानतळ आधी, रेल्वे-रस्ता 'आपोआप' नंतर? मला अजिबात पटत नाही

फलाट_दोन (धागालेखक)

परवा दुसऱ्या एका चर्चेत 'माळरान' यांनी लिहिलं, "प्रादेशिक विमानतळ लांब, स्वस्त, मोकळ्या जमिनीवर बांधावा. विमानं उतरू लागली की रस्ता आणि रेल्वे आपोआप मागून येतात." त्या 'आपोआप'ने दोन दिवस डोकं फिरलंय, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आपोआप काही येत नसतं. मॉन्ट्रियलचा मिराबेल विमानतळ १९७५ मध्ये सुरू झाला. जलद रेल्वे येणार होती, महामार्ग थेट जोडले जाणार होते. रेल्वे आलीच नाही आणि रस्ता अर्धवट राहिला. जुना डोरव्हाल विमानतळ शहराजवळ होता, लोक तिकडेच जात राहिले. २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी विमानं बंद झाली आणि २०१४ पासून टर्मिनल पाडायला घेतलं. डेन्व्हरचा नवा विमानतळ १९९५ चा, तिथे रेल्वे पोचली २०१६ मध्ये. त्याच्याकडे गर्दी प्रचंड होती म्हणून तो एकवीस वर्षं तगला. दिवसाला चार-सहा विमानं येणाऱ्या विमानतळाने एवढा दम कुठून आणायचा?

उलट लंडनजवळचा गॅटविक विमानतळ बघा. १९३६ मध्ये तिथलं टर्मिनल चालू लोहमार्गाला खेटून बांधलं आणि भुयारी वाटेने थेट फलाटाला जोडलं. तेव्हा सुचलं, मग आता का सुचू नये?

माझा अनुभव सांगतो. विमानाचा प्रवास पंचावन्न मिनिटांचा, विमानतळावर पोचायला अडीच तास. बसने फाट्यावर उतरवलं, पुढे दीड किलोमीटर पायी. रस्त्यावर नुकतीच खडी पसरलेली. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यांच्या बॅगेचं एक चाक त्या खडीत निखळलं. ते चाक त्यांनी खिशात घातलं आणि बॅग खांद्यावर घेतली. टर्मिनल मात्र चकाचक होतं. त्यानंतर आमच्या घरातून कोणी त्या विमानतळावरून गेलेलं नाही.

जिथे आज गाड्या थांबतात, त्याच पट्ट्यात जागा शोधा. बाकी निकष त्यानंतर.

माळरान

माझं एक वाक्य उचलून धागा काढलात, तर माझंही पूर्ण ऐका. मी जागांच्या पाहणीत बरीच वर्षं घालवली आहेत.

धावपट्टी लोहमार्ग बघून आखता येत नाही, ती वारा बघून आखतात. वाऱ्याच्या नोंदी शक्यतो पाच वर्षांच्या तरी लागतात, त्याही दिवसातून किमान आठ वेळा घेतलेल्या. वर्षातला निदान ९५ टक्के वेळ आडवा वारा मर्यादेत राहिला पाहिजे. शिवाय उपकरणांच्या साहाय्याने विमानं उतरवायची तर मोठ्या धावपट्टीसमोरचं आकाश पन्नासास एक अशा उताराने मोकळं हवं. म्हणजे तीन किलोमीटरवर साठ मीटरपेक्षा उंच काही चालत नाही. टेकडी नाही, मनोरा नाही. तुमचा लोहमार्ग चढ टाळत नदीकाठाने जातो. पहाटे धुकं कुठे साचतं? त्याच खोऱ्यात. स्थानक शंभर पावलांवर आणि विमान धुक्यामुळे दुसरीकडे वळवलेलं, याचा प्रवाशाला काय उपयोग?

आणि नंतर येतच नाही म्हणता? झ्युरिकचा विमानतळ १९४८ चा. टर्मिनलखालचं स्थानक १९८० मध्ये झालं.

फलाट_दोन

झ्युरिकला मुख्य मार्गच टर्मिनलखालून नेला, लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे थांबवल्या. शहरही जवळ आहे, दहा-बारा किलोमीटरवर. लांबच्या माळरानासाठी एवढा खर्च कोण करणार?

धुक्याचा मुद्दा मान्य. मी तो विचारात घेतला नव्हता.

वारादर्शक

दोघेही एक उदाहरण विसरताय. स्पेनमधला सिउदाद रेआल. लांबलचक धावपट्टी, शेजारूनच जलदगती रेल्वे, स्थानक व्हायचं ठरलेलं. ते सुरू झालंच नाही. २००८ मध्ये उघडलेला विमानतळ २०१२ मध्ये बंद. म्हणजे रूळ जवळ असून भागत नाही. ब्रिटनमधल्या डॉनकास्टर शेफील्डचंही तसंच. लोहमार्ग जवळून जातो, पण २००५ ते २०२२ या काळात स्थानक झालं नाही. २०१६ मध्ये चांगला जोडरस्ता झाला, तरी २०२२ मध्ये विमानतळ बंद पडलाच. मुळात प्रवासी हवेत. विमान कंपनी टिकली नाही तर स्थानक काय करणार?

फलाट_दोन

मी 'गाड्या थांबतात' असं लिहिलंय, 'रूळ जातात' असं नाही. वरती पुन्हा वाचा.

पहाटपाळी

अवांतर आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. एवढे प्रतिसाद झाले, सगळे प्रवाशांबद्दल. प्रवासी वर्षातून दोनदा येतो. मी सात वर्षं आठवड्यातून सहा दिवस येत होते.

मी एका छोट्या विमानतळावर सामानाच्या काउंटरवर होते. पहिलं विमान पावणेसहाचं, म्हणून पाळी पहाटे चारला सुरू. पहिली बस सव्वापाचला. शेवटची बस रात्री पावणेअकराला विमानतळावर पोचायची, तीच पकडायची आणि आगमन कक्षातल्या लोखंडी बाकावर चारपर्यंत बसायचं. बाकाला मध्ये मध्ये हात बसवलेले, त्यामुळे आडवं होता येत नाही. गणवेश चुरगळू नये म्हणून पिशवीत घडी करून मांडीवर. आम्ही चौघी होतो. एक झोपायची, तिघी गप्पा मारायच्या, मग पाळी बदलायची. साडेतीनला तोंड धुवायचं आणि चारला हसून 'सुप्रभात' म्हणायचं.

जागा निवडताना कोणी विचारलं होतं का, की इथे काम करणारी माणसं कशी येणार?

रोखठोक

ताई, वाईट वाटलं. पण नोकरी घेताना पाळीची वेळ सांगितली असेलच ना? जवळ खोली घ्यायची. विमानतळाची जागा कर्मचाऱ्यांच्या सोयीने ठरवत नाहीत.

पहाटपाळी

खोली कुठे घ्यायची? लांब, मोकळ्या जमिनीवर विमानतळ बांधला म्हणजे आसपास वस्ती नाही, हे तुम्हीच सांगताय. होतं ते एक धाबा आणि एक गोदाम. चौघींपैकी दोघींनी वर्षभरात नोकरी सोडली. नव्या मुली आल्या, त्या शिकेपर्यंत रांगा टर्मिनलच्या दारापर्यंत. तेव्हा प्रवासी आमच्यावर ओरडायचे. मग ही फक्त माझी अडचण कशी?

रोखठोक

आवाज चढवायची गरज नाही.

फलाट_दोन

आवाज चढलाच पाहिजे. तुम्ही 'खोली घ्या' इतक्या सहज लिहिलंत, ते मागे घ्या.

वारादर्शक

ताईंचं बरोबर आहे, आणि यामागे पैशाचंही कारण आहे. वाहनतळाचं शुल्क हे विमानतळांचं मोठं उत्पन्न. लहान विमानतळाला विमान कंपन्यांना सवलती देऊन बोलवावं लागतं, मग ती भरपाई वाहनतळातून. तिथे पहाटेची बस सुरू करायचा उत्साह कुणाला असणार? बस थांबाही टर्मिनलच्या दारात नसतो, वाहनतळाच्या पलीकडे असतो. नीट बघा कधी.

माळरान

वाहनतळावर बोट दाखवणं सोपं आहे. ते उत्पन्न नसेल तर लहान विमानतळ महिनाभरही चालत नाही.

वारादर्शक

मग तो बसने येणाऱ्यांसाठी बांधलेलाच नाही, हे जागा ठरवतानाच उघड सांगा.

बांधावरून

'मोकळी जमीन' हा शब्द इथे किती वेळा आला, मोजा. जमीन मोकळी नसते, कोणीतरी ती कसत असतं. आमच्या घरी नोटीस आली तेव्हा विहिरीवर नवी मोटर बसवून तीन आठवडे झाले होते. वडील पुढे दोन वर्षं त्या मोटरची पावती पाकिटात घेऊन हिंडत होते, भरपाईत धरतील म्हणून. धरली नाही.

मिराबेलचं नाव घेतलंत, तर हेही लिहा. तिथे सुमारे ९७ हजार एकर जमीन घेतली, आणि पुढे त्यातली ८० हजार एकर परत केली. एवढी लागतच नव्हती. तोवर घरं पाडलेली, माणसं पांगलेली. टोकियोच्या नारिता विमानतळासाठी शेतकऱ्यांशी नीट न बोलता जागा ठरवली, तो संघर्ष अनेक दशकं चालला.

स्थानकाजवळ जागा घ्या म्हणता? तिथली शेतं लहान, घरं जास्त. लांब घ्या म्हणता? तिथे आम्ही. आधी किती लागते ते ठरवा.

फलाट_दोन

याचं उत्तर माझ्याकडे नाही. स्थानकाजवळ जास्त घरं उठतील, आवाजाचा त्रासही जास्त लोकांना होईल, हे खरं आहे. तरी वापरात नसलेला विमानतळ हा जमिनीचा सगळ्यात वाईट उपयोग, एवढं म्हणेन.

माळरान

'आपोआप' हा शब्द मागे घेतो. तो चुकला. पण वारा आणि अडथळे हीच पहिली चाळणी, त्यावर मी ठाम आहे. त्यातून तीन-चार जागा उरल्या, तर त्यांच्यात वाहतुकीवर निवड करा, हरकत नाही.

फलाट_दोन

चालेल, नाइलाजाने. पण ती निवड 'स्थानक अमुक किलोमीटरवर' एवढं लिहून करू नका. लंडनजवळच्या ल्युटन विमानतळाला १९९९ मध्ये स्थानक झालं, तरी टर्मिनलपर्यंत शेवटचा टप्पा बसने जावं लागत होतं, थेट २०२३ पर्यंत. तक्त्यात प्रत्येक जागेपुढे दोन रकाने हवेत: आजच्या वेळापत्रकानुसार पहिली गाडी किती वाजता पोचते आणि शेवटची किती वाजता सुटते.

रोखठोक

खोलीबद्दलचं वाक्य मागे घेतो, ताई. रकान्यांची कल्पना ठीक आहे.

पहाटपाळी

तिसरा रकाना वाढवा. रविवारची पहिली गाडी. आमच्याकडे ती पावणेसातला होती, आणि रविवारीही पहिलं विमान पावणेसहालाच उडायचं.