बोक्याला किडनीचं पथ्य गळी कसं उतरवायचं?

बोकोबाची_ताई
आमचा बोका १२ वर्षांचा आहे. पाणी फार पिऊ लागला, वजनही उतरलं, म्हणून रक्त तपासलं तर किडनीचा आजार निघाला. दुसरी स्टेज. डॉक्टरांनी रीनल डाएट लिहून दिलंय, पण हा वाटी हुंगतो, भोवतालची फरशी उकरल्यासारखं करतो आणि निघून जातो. "भूक लागली की खाईल," असं घरचे म्हणतात. माझा जीव होत नाही. शिवाय आधीच रोडावलाय, त्यात प्रोटीन कमी केलं तर? घरात सात महिन्यांचं पिल्लूही आहे, त्याच्या वाटीवर याचा डोळा असतो.

मनीचा_माणूस
उपाशी ठेवू नका, हे घरच्यांना आजच सांगा. मांजर काही दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठते आणि जिवावर बेतू शकतं. २४ तास पोटात काहीच गेलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा.

माझी मनी याच आजाराची आहे. या पथ्यात सगळ्यात महत्त्वाचं काम फॉस्फरस कमी ठेवण्याचं. थकलेल्या किडनीला तो बाहेर टाकता येत नाही, आणि साठला की तोच किडनीचं आणखी नुकसान करतो. प्रोटीन बंद होत नाही, बेताचं पण चांगल्या प्रतीचं असतं. अंगावरचं मांस झडतं ते बहुतेकदा पोटभर न खाल्ल्यामुळे, म्हणून वजन नियमित करत जा.

जुन्या खाण्यात नवं चमचाभर, इतक्यापासून सुरुवात करा. तीन-चार आठवडे लागले तरी लागू द्या. अडला की एक पायरी मागे या. ओलं खाणं किंचित कोमट केलं की वास सुटतो, आणि पाणीही पोटात जातं.

पण आधी एक बघा: वाटीपाशी येऊन ओठ चाटतो का, लाळ गाळतो का? मग त्याला मळमळतंय. त्यावर औषध आहे, ते आधी मागा. मळमळत असताना दिलेलं खाणं मांजराच्या मनात बराच काळ वाईट बसतं. त्याच कारणानं गोळ्याही या खाण्यात लपवू नका.

शेपटीवाले_घर
पिल्लाला हे खाणं नको, वाढत्या वयाला प्रोटीन आणि फॉस्फरस दोन्ही जास्त लागतात. आमच्याकडे दोघांना वेगवेगळ्या खोलीत, ठरलेल्या वेळी वाढतो आणि वाट्या लगेच उचलतो.

भुभूप्रेमी
माझ्या कुत्रीचा स्ट्रुव्हाइटचा मूतखडा पथ्याच्या खाण्यानं आणि अँटिबायोटिकनं विरघळला. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असा विरघळत नाही. म्हणून, ताई, कुणी दुसऱ्या आजाराचं उरलेलं पाकीट दिलं तर घेऊ नका. प्रत्येकाचं गणित वेगळं असतं.

बोकोबाची_ताई
ओठ चाटतो खरा! उद्याच डॉक्टरांशी बोलते. पण एवढं करूनही नाहीच खाल्लं तर?

मनीचा_माणूस
दुसऱ्या कंपनीचं द्या, पातळ लगद्याऐवजी रश्श्यातले तुकडे द्या. मनीनं पहिलं नाकारलं, दुसरं चाटूनपुसून खाल्लं. तेही नको म्हणाला तर नेहमीच्या खाण्यासोबत फॉस्फेट बाइंडर देतात. ते आतड्यातच फॉस्फरसला धरून ठेवतं, म्हणून जेवणाबरोबरच द्यावं लागतं. मात्रा रक्ताच्या रिपोर्टवरून डॉक्टरच ठरवतील. पण तोवर त्याला जे आवडतं ते पोटभर खाऊ द्या.