होमस्कूलिंगला महिन्याला किती लागतात? (सोसायटी ग्रुप, गंगापूर रोड, नाशिक)

बी-२०३ : नमस्कार 🙏 धाकट्याला सहावीपासून घरीच शिकवायचं चाललंय. ए-३०४ ताई, तुम्ही लेकीला घरीच शिकवता ना, महिन्याला साधारण किती बाजूला काढायचे? फी वाचली की बरेच उरतील असं हे म्हणतायत.

ए-३०४ : वहिनी, उरतात, पण वाटतं तेवढे नाही. हिशेबाच्या वहीत पहिला आकडा तुमच्या पगाराचा लिहा, पुस्तकांचा नंतर. घरी कोण थांबणार? तुम्ही अर्धवेळ झालात तर जे कमी येतील तोच सगळ्यात मोठा खर्च. हे आधी भावजींशी नीट बोलून घ्या.

सी-१०२ : पुस्तकं तर फुकट आहेत ना? बालभारतीची पीडीएफ मिळते.

ए-३०४ : मिळते काका, एनसीईआरटीचीही मिळते. पण अख्ख्या पुस्तकाची प्रिंट काढायला जाऊ नका! दीडशे पानं, पानाला २ रुपये धरले तरी ३०० गेले. छापील बालभारती त्याहून स्वस्त पडतं. अवांतर वाचनाला आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं. वर्गणी भरा आणि मुलाला स्वतः पुस्तक निवडू द्या.

पैसा जातो तो बाकीच्यात. मैदान, प्रयोगशाळा, गाण्याच्या बाई, शाळेत हे सगळं फीतच येतं. घरी एकेक वेगळं घ्यावं लागतं. पोहण्याचा पास, तबल्याची शिकवणी, वर नेण्या-आणण्याचं पेट्रोल. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलो, लेकीला गोडी लागली, मग दुर्बीण आली. तो महिना चांगलाच वर गेला, पण आता ती पक्ष्यांच्या नोंदी स्वतः ठेवते. असा खर्च मी कापणार नाही, त्यासाठी दरमहा थोडे वेगळे ठेवते.

डी-५०१ : करात काही सूट?

ए-३०४ : नाही दादा. जुन्या करपद्धतीत दीड लाखाच्या मर्यादेत ट्यूशन फी धरतात, पण ती शाळा-कॉलेजला भरलेली. घरच्या शिकवण्या, साहित्य त्यात बसत नाही. आत्ता सूट घेत असाल तर ती जाईल, तेही हिशेबात धरा.

बी-२०३ : आणि दहावीचं काय?

ए-३०४ : एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, तिथून देता येते, वय १४ पूर्ण लागतं. प्रवेशाची फी वेगळी, परीक्षेची विषयवार वेगळी, प्रात्यक्षिक असलेल्या विषयाला आणखी. फॉर्म त्यांच्या साइटवर स्वतः भरता येतो, मधल्या माणसाला हजारो रुपये देऊ नका. नाहीतर राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. दहावीच्या वर्षी सगळं एकदम येतं, म्हणून आत्तापासून आरडी लावा. आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय निघू नका.

बी-२०३ : ताई, तुमची वही बघायला येऊ का?

ए-३०४ : या की, सातनंतर. भावजींनाही घेऊन या, पगाराचं त्यांच्यासमोरच बोलू.